बेनेदितोंच्या पेटीतली लहर

दिवाळी अंकाच्या संपादिकेचा फोन आला, "वसुधाताई, तुमच्या कामाबद्दल लिहा ना. इट्स सो युनिक!" मी पेट्या दुरुस्त करते. पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. ती बिघडते, मी उघडते, आतून वाळलेला उंदीर निघतो, मी किंचाळते आणि मग कामाला लागते. यात युनिक काय ते मला ठाऊक नाही. पण मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही, असं शरदचं, म्हणजे आमच्या यजमानांचं, मत आहे. तेव्हा सांगतेच.

माझे वडील सावंतवाडीला पेट्या करायचे. दोन्ही भावांनी बँकेतली नोकरी धरली आणि कानस माझ्या हातात आली. लग्न होऊन न्यू जर्सीला आले तेव्हा साड्यांच्या घड्यांत गुंडाळलेल्या चार कानशी होत्या. विमानतळावरच्या माणसाने त्या बाहेर काढून माझ्याकडे असं काही बघितलं, की शरदला वाटलं, संपलं, आता ही इथूनच परत. सुरुवातीला माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून शेजारणीची पेटी फुकट दुरुस्त करून दिली. मग तिच्या नणंदेची आली, मग देवळातली आली. आता चाळीस वर्षं झाली. गणपतीच्या आधी तीन आठवडे आमच्या एडिसनच्या घरी बेसमेंटमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

इथल्या पेट्यांचा खरा वैरी म्हणजे हिवाळ्यातलं हीटिंग. लाकूड वाळतं, फटी पडतात, भात्यातून हवा फुसफुसत निघून जाते. लोक मात्र पेटी बरोब्बर हीटरच्या व्हेंटवर ठेवतात, कारण घरात तेवढीच जागा मोकळी असते. वेस्ट विंडसरचे एक काका "पेटी बेसूर आहे" म्हणून तीनदा आले. तिसऱ्या खेपेला मी पेटी धरली आणि त्यांना गायला सांगितलं. मागे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "कळलं ना आता? तीस वर्षं मी हेच सांगतेय." स्टेट कॉलेज नावाच्या गावाहून एक योगशिक्षिका चार तास गाडी चालवत आली होती. पेटीचं मन शुद्ध व्हावं म्हणून तिने आत लव्हेंडरचं तेल ओतलं होतं. पेटीला वास अप्रतिम येत होता, आवाज मात्र अजिबात येत नव्हता.

आता थोडं कामाविषयी, म्हणजे पुढचं कळेल. पेटीच्या पोटात सूर असतात. आम्ही सूर म्हणतो ती पितळेची बारीक जीभ. हवा गेली की ती थरथरते आणि वाजते. टोकाकडे घासली की आवाज चढतो, बुडाकडे घासली की उतरतो. बऱ्या पेटीत एका पट्टीला सारखे दोन सूर असतात आणि ते तंतोतंत एक लागावे लागतात. केसभर फरक राहिला तरी आवाज डोलायला लागतो, वांव वांव वांव. त्याला मी लहर म्हणते. लहर ऐकू आली की वडील तयार झालेली पेटी परत उघडायला लावायचे. लहर म्हणजे अर्धवट काम, हे माझ्या कानात तेव्हापासून बसलेलं. आणि लहर मारण्यात माझा हात धरणारं इथे कुणी नाही. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाहीये, तसं आहेच.

याच हाताने मी सेऊ बेनेदितोंचा घात केला.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ते आले. बरोबर त्यांची मुलगी मार्लेन. ती न्यूअर्कला हॉस्पिटलात नर्स आहे, आणि तिथल्या एका गुजराती नर्सने तिला माझा पत्ता दिला होता. बेनेदितो ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या मुलखातले. इथे वीस वर्षं टाइल्स बसवायचं काम केलेले. वय ऐंशीच्या आसपास, बुटके, कडक इस्त्रीचा शर्ट, टोपी हातात. त्यांच्याकडे 'सेऊ' म्हणजे आपल्याकडचं 'राव'. मला ते पहिल्या दिवसापासून 'दोना वसुधा' म्हणायचे. दोना म्हणजे बाई. इंग्रजी त्यांना कामापुरतं यायचं, बाकीचं मार्लेन सांगायची.

आंघोळीच्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं त्यांचं वाद्य म्हणजे अकॉर्डियनचं धाकटं भावंड. पट्ट्यांच्या जागी बटणं, मधे भाता, गळ्यात अडकवून वाजवायचं. एकेका बटणाला भाता दाबताना एक स्वर, ओढताना दुसरा. मी त्यालाही पेटीच म्हणणार, कारण आत शेवटी सूरच असतात, फक्त पितळेच्या जागी पोलादाचे.

"भाता फाटलाय आणि दोन बटणं अडकतात," मार्लेन म्हणाली. "तेवढंच करा. जूनमध्ये संत जॉनचा सण आहे, आमचा सगळ्यात मोठा. चर्चच्या हॉलमध्ये डान्स असतो, बाबा वाजवतात. या वर्षीचा त्यांचा शेवटचा. जुलैत ते कायमचे गावी चाललेत, माझ्या आत्याकडे. तिकीट काढलंय."

तेवढंच करा, असं ती स्पष्ट म्हणाली होती. मी ते ऐकलंही होतं.

भाता शिवून झाला, बटणं सुटी झाली, आणि मी पेटी वाजवून बघितली. अगंबाई! एकही स्वर सरळ नाही. खालपासून वरपर्यंत नुसत्या लहरी. म्हटलं, बिचाऱ्याने वीस वर्षं टाइल्स बसवल्या, चांगला कारागीर कुठून भेटणार होता? आयुष्य बेसूर पेटीवर काढलं, निदान शेवटचा सण तरी सुरात होऊ दे. दहा दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. पोलाद घासणं पितळेपेक्षा जिकिरीचं असतं. बेचाळीस स्वर, प्रत्येकाला दोन सूर. पहिल्या सुराला हात न लावता दुसरा घासत घासत त्याच्याशी एकजीव केला. एकही लहर ठेवली नाही. शरदला खाली बोलावून ऐकवलं, तर तो म्हणाला, "वा! अगदी आपल्या पेटीसारखी वाजते." मी खूश झाले. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

बेनेदितो आले, स्टुलावर बसले, पेटी गळ्यात घातली आणि चार-पाच स्वर वाजवून थांबले. मग एकच बटण दाबून भाता लांबवर ओढला. पुन्हा दाबला. मार्लेनला हळूच काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"बाबा म्हणतात, फार स्वच्छ आहे."

"आणि?"

"आणि म्हणतात, ही कुणाची आहे?"

मी अजूनही हसतच होते. मग मार्लेनने मला नीट सांगितलं. त्यांच्या पेटीत दोन सूर मुद्दाम थोडे वेगळे लावतात. ती लहर हाच तिचा आवाज. त्यात परत प्रत्येक मुलखाची लहर निराळी, आणि बेनेदितोंच्या पेटीतली तर त्यांच्या गावच्या एका सोबत्याने त्यांच्या हाताचं वजन बघून लावून दिलेली. सोबती केव्हाच वारला. साठ वर्षं लोकांनी दोन स्वरांवरून ओळखलेला माणूस माझ्यासमोर बसला होता आणि त्याचा आवाज मी दहा दिवस बसून, प्रेमाने, घासून काढला होता. टेबलाखाली झाडून ठेवलेला पोलादाचा भुगा अजून तिथेच होता.

ते रागावले नाहीत. माझे दोन्ही हात हातात घेऊन थँक यू म्हणाले आणि पेटी टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन गेले. रागावले असते तर फार बरं झालं असतं.

चार दिवसांनी मार्लेनचा फोन आला. "बाबांनी पेटीला हात लावला नाहीये. सणाला वाजवणार नाही म्हणतात. कॅन्सल केलं त्यांनी." फोन ठेवला आणि मी रडले. शरद स्वतः चहा करून घेऊन आला आणि शेजारी बसला. त्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही न्यूअर्कला त्यांच्या घरी गेलो. मी म्हटलं, तुम्ही शेजारी बसा, मी घासते, तुम्ही हो-नाही म्हणा. एका स्वरावर तासभर प्रयत्न केला. शेवटी त्यांनी मान हलवली. मार्लेनने सांगितलं, "म्हणतात, बरोबर असलं की मला लगेच कळतं. नसलं, तर किती लांब आहे ते मला सांगता येत नाही." जुन्या डान्सची फोनवरची रेकॉर्डिंग्ज ऐकली, तर त्यात ढोल, टाळ्या, पोरांची रड आणि कुठेतरी लांब पेटी. त्यातून एकेका स्वराची लहर मोजणं शक्यच नव्हतं.

तेव्हा मार्लेनच सहज बोलून गेली. बाबांनी इथे अकरा जणांना शिकवलं. रविवारी, स्वयंपाकघरात. त्यांची एक सक्त रीत होती. नव्या शिष्याने आधी आपली पेटी त्यांच्या पेटीशी जुळवून आणायची. ते एक बटण धरून ठेवणार, शिष्याने तेच बटण धरायचं, आणि दोन्ही लहरी बरोबरीने चालल्याशिवाय धडा सुरू व्हायचा नाही. कुणाला तीन रविवार लागले, कुणाला तीन महिने.

मी शरदकडे बघितलं. तो म्हणाला, "पत्ते घे. गाडीत गॅस आहे."

मग पुढचे पाच आठवडे आम्ही दोघं, वय वर्षं पासष्ट आणि एकोणसत्तर, बेनेदितोंचा आवाज गोळा करत हिंडलो. न्यूअर्क, लाँग ब्रांच, फिलाडेल्फिया, वर कनेक्टिकटमध्ये डॅनबरी. मी वही आणि स्टॉपवॉच घेऊन बसायची. शिष्याने एक बटण धरायचं, मी लहरी मोजायच्या, दहा सेकंदांत किती. खालच्या स्वरांना संथ, वरच्यांना चपळ. शरद तोवर त्या घरातले चीजचे गरम गोळे खात बसायचा. "यार, हे आपल्याकडे का मिळत नाहीत?" हे त्याने अकराही घरांत विचारलं.

सगळं सरळ नव्हतं. कुणी मधे पेटी दुसरीकडून लावून घेतली होती, कुणाच्या पेटीत निम्मेच स्वर जुने राहिले होते. एकाकडून सात मिळाले, एकाकडून दोन. पण प्रत्येक घरी स्वरांबरोबर बेनेदितोही थोडे थोडे मिळत गेले.

डॅनबरीचा आदेमीर छपरं घालतो. बेनेदितोंच्याच तालुक्यातला. त्याने सांगितलं की बेनेदितोंचे वडील गुराखी. चामड्याचे कपडे घालून काटेरी रानात गुरं वळायचे. पेटी त्यांची, पण पोराने वाजवायची नाही, पोरगं वाया जाईल. पेटी आढ्याला टांगलेली. बेनेदितो दुपारी वर चढून भाता न उघडता नुसती बटणं दाबत बसायचे. वर्षभर आवाज न करता शिकले. मग दुष्काळ पडला, गुरं मेली, आणि अख्खं घर समुद्राकडे चालत निघालं. वाटेत बाजाराच्या गावी थांबायचे तेव्हा बापाने स्वतः पेटी काढून पोराच्या गळ्यात घातली. आठ माणसं महिनाभर त्या पेटीवर जेवली. हे सांगताना आदेमीर आपल्याच बापाची गोष्ट सांगावी तसा सांगत होता.

न्यूअर्कची रोझा घरं साफ करते. गावी बायकांच्या हातात ही पेटी कुणी देत नाही. तिने भीत भीत विचारलं तेव्हा बेनेदितो म्हणाले होते, "बोटांना काय माहीत कुणाची आहेत?" आता तिच्याकडे आठ बायका शिकतात. लाँग ब्रांचचा केव्हिन शाळेत संगीत शिकवतो, चांगला उंच गोरा, पोर्तुगीजचा एक शब्द येत नव्हता. तो म्हणाला, "मॅम, ही नेव्हर सेड गुड. टाइलवर टकटक करून बघायचे, खाली पोकळ राहिलंय का, तसं माझं वाजवणं ऐकायचे. आय वॉज पोकळ फॉर टू इयर्स." पोकळला तो अर्थातच 'हॉलो' म्हणाला होता. वीस वर्षं गुडघ्यांवर बसून टाइल्स लावल्यावर त्या गुडघ्यांवर ते पेटी ठेवून बसत, हेही त्यानेच सांगितलं.

वही भरली. एकाच स्वराला तीन घरांत तीन आकडे निघत. केव्हिनची लहर घाईची, रोझाची जरा गोड, आदेमीरची खडबडीत. कुणाची खरी? मी त्यांचा मध्य काढायला बसले होते. मग वाटलं, आधीच एकदा शहाणपणा करून झालाय. ज्या स्वराची ज्याची लहर माझ्या कानाला सगळ्यात जिवंत वाटली ती जशीच्या तशी घ्यायची, असं ठरवलं.

मार्लेनने पेटी आणून दिली, पण घासायला बसले तेव्हा कानस दोनदा उचलून खाली ठेवली. प्रत्येक सूर माझ्यामुळे आधीच एकदा झिजलेला. आणखी घासला की जीभ पातळ होते, आणि पातळ झाली की एखाद्या दिवशी तुटते. सणाला नऊ दिवस राहिले असताना एकोणचाळिसावा सूर कानशीखाली टचकन तुटला. तसं पोलाद बाजारात मिळायला तीन आठवडे. आणि हा नेमका असा स्वर, जो अकरांपैकी कुणाच्याही पेटीत जुना राहिलेला नव्हता. मी आपल्या हार्मोनियममधली एक पितळेची जीभ कापून, घासून त्या जागी बसवली. लहर किती ठेवायची ते सांगणारं कुणी नव्हतं. ज्या कानाने जन्मभर लहरी मारल्या, त्या कानाने पहिल्यांदा एक लहर लावली. दोन दिवस लागले. बेसमेंटमध्ये एकटीच बसून भाता ओढत होते, अजून थोडी, अजून थोडी, आणि एका क्षणी वाटलं, हां, आता ती श्वास घेते.

बेनेदितो आले ते मार्लेनच्या आग्रहाखातर. टोपी हातात, चेहऱ्यावर अदब, आशा नाही. ते स्टुलावर बसले. सणाला वाजवायचं की नाही ते आता पुढच्या पाच मिनिटांत ठरणार होतं, आणि मी चक्क एका बंद पेटीवरच बसले. एरवी तसं बसणाऱ्याला मी हाकलून देते.

त्यांनी डोळे मिटून पहिलं बटण दाबलं आणि भाता ओढला. लहर उठली. ते थांबले. पुन्हा ओढला. मग डोळे न उघडता म्हणाले, "आदेमीर."

मार्लेनच्या तोंडून अस्फुट आवाज आला. दुसरं बटण. "रोझा." तिसरं. "रोझा." चौथ्याला त्यांना हसूच आलं. "केव्हिन! केव्हिन!" आणि हाताने 'सावकाश, सावकाश' अशी खूण केली. मी वही उघडून बघत होते. एकही नाव चुकलं नाही. ज्या माणसाला आपला आवाज किती लांब गेलाय ते सांगता येत नव्हतं, तो प्रत्येक शिष्याचा आवाज दारात उभ्या पाहुण्यासारखा ओळखत होता. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते नावं घेत होते. माझीही तीच गत. शरद जिन्यात उभा राहून उगाच चष्मा पुसत होता.

मग तो पितळी स्वर आला. ते थबकले. भाता दाबला, ओढला, मान वाकडी करून ऐकलं. डोळे उघडून मार्लेनकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय विचारतायत ते मला भाषेविना कळलं. मी छातीवर हात ठेवला.

"तो तुटला माझ्याकडून," मी मार्लेनला म्हटलं. "पितळेचा आहे, आपल्या हार्मोनियमचा. लहर मी मनाने लावलीय. नको असेल तर सांगा, पोलादाचा मागवते, गावी पाठवून देते. सांग त्यांना."

तिने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तो स्वर पुन्हा, भाता पुरेल तिथवर ओढला. आमच्या त्या बुटक्या छताखाली पितळ आणि पोलाद एकमेकांना डोलवत राहिले. मग त्यांनी मान हलवली, नको म्हणून, आणि काहीतरी बोलले. मार्लेनला ते सांगायला जरा वेळ लागला, कारण ती नाक पुसत होती.

"बाबा म्हणतात, सणाला शिष्य त्यांच्या मागे बसतात. हॉलवाल्यांना अकरा खुर्च्या सांगितल्या होत्या, मग नको म्हणून कळवलं होतं. म्हणतात, त्यांना परत फोन कर. बारा सांग."